सहा वर्षांखालचं लेकरू हक्काच्या यादीतून कसं सुटलं?

आपल्या चळवळीत शिक्षणावर जेवढं बोललं जातं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशावर बोललं जात असेल. वसतिगृहं, शिष्यवृत्ती, फ्रीशिप, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, पटसंख्येचं कारण सांगून बंद केल्या जाणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शाळा. हे सगळे प्रश्न खरे आहेत आणि त्यांच्यासाठी आपण रस्त्यावर उतरतोही. पण या यादीतलं सगळ्यात लहान मूल किती वर्षांचं आहे? सहा. पहिलीत नाव घातलं की शिक्षण सुरू झालं, असं आपण गृहीत धरलं आहे. त्याच्या आधीचं मूल आईचं, आजीचं, नाहीतर थोरल्या बहिणीचं. चळवळीचं ते नाहीच.

हे वय आपोआप आपल्या नजरेआड गेलेलं नाही. १९५० साली लागू झालेल्या घटनेत सहा वर्षांची रेघ कुठेच नव्हती. ती २००२ साली ओढली गेली, आणि ओढली गेली तेव्हा आपण फारसा आवाजही केला नाही. ती रेघ कशी आली, तिच्या आधी कुणी काय काम करून ठेवलं होतं आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात तिचा अर्थ काय होतो, हे आपल्या तरुणांनी समजून घ्यावं म्हणून हा लेख.

अर्धा तास कुणाकडे आहे?

आधी हे बघू की एक ते तीन वर्षांचं मूल नेमकं शिकतं तरी काय. ते चालायला शिकतं, दोन शब्द जोडायला शिकतं, घास स्वतःच्या हाताने तोंडात घालायला शिकतं, शी-शू सांगायला शिकतं, चप्पल घालून बघतं. आणि एक दिवस आईचा हात ढकलून म्हणतं, "नाही, मी करतो." मोठ्या माणसांना हा हट्ट वाटतो. खरं तर ते त्या मुलाचं पहिलं स्वतंत्र मत असतं. आपलं शरीर, आपला हात, आपली इच्छा आपली आहे हे त्याला कळलेलं असतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० स्वतःच सांगतं की मेंदूचा ८५ टक्क्यांहून जास्त विकास सहा वर्षांच्या आत होतो. म्हणजे आपण ज्याला 'शिक्षणापूर्वीचं वय' म्हणतो तेच शिकण्याचं सगळ्यात मोठं वय आहे.

पण "मी करतो" म्हणणाऱ्या मुलाला करू द्यायला वेळ लागतो. आईने भरवलं तर पाच मिनिटांत जेवण उरकतं. मूल स्वतः जेवलं तर अर्धा तास जातो, निम्मं सांडतं, मग सांडलेलं पुसायचं असतं. बालशिक्षण म्हणजे मुळात हा अर्धा तास. त्यात एक मोठं माणूस जवळ बसलेलं असतं, वस्तूंची नावं सांगतं, वाट बघतं, चुकू देतं. हाताला पुरेल एवढा छोटा तांब्या असतो, पोचेल एवढं खाली फडताळ असतं.

आता सांगा, कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्या मायबहिणींकडे हा अर्धा तास आहे का? दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की वस्ती सकाळीच रिकामी होते. मजुरी किलोवर असते, म्हणून जितका वेळ हात पऱ्हाटीवर तितका पैसा. तान्हं लेकरू धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत. दोन-तीन वर्षांचं मूल तासांमधून हिंडत असतं, कधी कापसाच्या ढिगावर झोपलेलं असतं. फवारणीचा डबा कुठे पडला आहे हे त्याला माहीत नसतं. ज्या घरात थोरली पोरगी आहे तिथे ती शाळा बुडवून त्याला काखेत घेऊन बसते.

अशा वेळी काही लोक कौतुकाने म्हणतात, "गरिबाची पोरं लवकर स्वावलंबी होतात." या वाक्यापासून आपण सावध राहिलं पाहिजे. तीन वर्षांचं मूल एकटं राहतं, पाच वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळते, याला स्वावलंबन म्हणत नाहीत. ते वाऱ्यावर सोडलेलं बालपण आहे. स्वावलंबी मुलाच्या मागे कुणीतरी उभं असतं, म्हणून ते पुढे पाऊल टाकतं. एकट्या पडलेल्या मुलाच्या मागे कुणी नसतं, म्हणून ते गप्प बसायला शिकतं. आणि जातीला गप्प बसणारी माणसंच हवी असतात.

याची दुसरी बाजूही बघा. सधन घरात मुलाचं ताट उचलायला, त्याचा पसारा आवरायला, त्याचे कपडे धुवायला दुसऱ्याचे हात असतात. ते मूल तीन वर्षांचं होईपर्यंत एक गोष्ट न शिकवता शिकतं, की घाण करायची आपण आणि काढायची दुसऱ्याने. जातीची पहिली शिकवणी पुस्तकातून मिळत नाही, ती इथे मिळते. म्हणून स्वतःचं ताट स्वतः धुणारं मूल ही साधी गोष्ट नाही. एका घरातल्या मुलाला ती आत्मविश्वास देते, तर दुसऱ्या घरातल्या मुलाचा माज उतरवते.

फुले ते जाईबाई: शाळेच्या दारापर्यंतची लढाई

जोतीराव आणि सावित्रीमाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. हे आपल्याला पाठ आहे. पण १८८२ साली जोतीरावांनी हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन आपण तेवढ्या बारकाईने वाचत नाही. प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, ही त्यातली मागणी सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच निवेदनात जोतीरावांनी शेतकऱ्याचं आणि गरिबाचं पोर शाळेत का येत नाही याचं कारणही दिलं आहे. त्या पोराची गरज गुरं राखायला आणि शेत सांभाळायला असते. म्हणून त्यांनी शिष्यवृत्ती आणि बक्षिसांची तरतूद मागितली. मूल शाळेत येत नसेल तर दोष मुलाचा किंवा मायबापाचा नाही, त्याच्या डोक्यावरच्या कामाचा आहे, हे जोतीरावांनी तेव्हाच ओळखलं होतं.

आपल्या विदर्भात हीच लढाई जाईबाई चौधरींनी लढली. नागपूर-कामठी रस्त्यावर डोक्यावरून ओझी वाहणारी ही बाई शिकली, मिशनच्या शाळेत शिक्षिका झाली, आणि अस्पृश्य बाई शिकवते म्हणून सवर्णांनी ओरड केल्यावर तिला ती नोकरी सोडावी लागली. पुढे १९२२ साली तिने नागपुरात संत चोखामेळा कन्याशाळा उभी केली. आज विदर्भातल्या कितीतरी शिकलेल्या बौद्ध घरांची मुळं अशा शाळांत आहेत.

या पिढ्यांची लढाई शाळेच्या दारापर्यंत पोचण्याची होती. दारच बंद असताना दाराआधीच्या अंगणाचा प्रश्न कुठून येणार? पण तो होताच. जी मुलगी शाळेत येऊ शकत नव्हती, तिच्या काखेत एक मूल होतं. त्या काखेतल्या मुलाचं काय करायचं, या प्रश्नाला सरळ भिडणारं काम थोडं नंतर आणि वेगळ्या दिशेने सुरू झालं.

रोमच्या झोपडपट्टीतून कोसबाडच्या टेकडीवर

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत मारिया माँटेसरी यांनी 'बालगृह' सुरू केलं. आईबाप कामावर गेले की दिवसभर जिन्यांवर उंडारणाऱ्या मुलांसाठी ते होतं. मुलाच्या उंचीचं फर्निचर, हाताने करायची खरी कामं, स्वतःची चूक स्वतःला कळेल अशी साधनं आणि कमी बोलणारी, जास्त बघणारी शिक्षिका, ही त्याची पद्धत. म्हणजे ज्या माँटेसरीची पाटी आज शहरात हजारोंची फी घेणाऱ्या नर्सरीवर दिसते, तिचा जन्म मजुरांच्या पोरांसाठी झाला होता. ही गोष्ट आपण लक्षात ठेवायला हवी.

भारतात गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक त्यांच्या सोबत आल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. इथपर्यंत हे काम मुख्यतः शहरी, मध्यमवर्गीय मुलांचं होतं. हे शिक्षण मूठभरांचं राहिलं तर उपयोग काय, हा प्रश्न ताराबाईंना पडला आणि १९४५ साली त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी विधवा झालेली, रूढीचं ओझं झुगारून शिकलेली बाई.

बोर्डीत त्यांना कळलं की बालवाडी बांधून ठेवली तरी गरिबाचं मूल तिथे येत नाही. मग बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आणि ही कल्पना तिथून आली. महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून बिया, शंख, पानं, मातीची भांडी ही साधनं झाली. १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथे दिसलं की मुलं गुरांमागे कुरणात असतात, म्हणून शाळा कुरणात गेली, तिला कुरणशाळा म्हटलं. आणि मुली धाकट्या भावंडांना घेऊन बसतात, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली. तिला विकासवाडी म्हटलं. धाकटं मूल पाळणाघरात गेलं की थोरली बहीण वर्गात बसू शकते. जोतीरावांनी १८८२ मध्ये दाखवलेल्या अडचणीवरचं हे प्रत्यक्षातलं उत्तर होतं.

आपल्यातले काही जण म्हणतील, ताराबाई-अनुताई सवर्ण घरांतल्या, कामाचं वळण गांधीवादी, त्यांच्याशी आपलं काय? वैचारिक मतभेद जरूर ठेवा. सेवाभावाची भाषा आणि हक्काची भाषा यांत फरक आहे, आणि आपली भाषा हक्काचीच असली पाहिजे. पण कारागिरी कुणाचीही असो, ती शिकून घ्यावी. बाबासाहेब कोलंबियात आणि लंडनमध्ये हेच करत होते. आणि हातात वस्तू देऊन शिकवणं आपल्या परंपरेला परकंही नाही. भगवान बुद्धांनी लहानग्या राहुलला खोटं बोलण्याविषयी उपदेश केला तेव्हा भांड्यात उरलेलं थोडंसं पाणी दाखवलं, ते ओतून दाखवलं, भांडं पालथं करून दाखवलं. मुलाच्या डोळ्यांपुढे वस्तू ठेवून विचार करायला लावणं हीच ती पद्धत.

बाबासाहेब आणि पाळण्यातलं मूल

सहा वर्षांखालच्या मुलाविषयी बाबासाहेबांनी काय केलं, हा प्रश्न आपण विचारतच नाही. रमाई आणि बाबासाहेबांची पाचपैकी चार लेकरं लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ मध्ये गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि म्हणून त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलला पाहिजे, असं त्यांनी मांडलं. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खात्याचे सदस्य होते. १९४३ मध्ये त्यांनी खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभ कायद्यात दुरुस्ती आणली. त्यांच्याच कारकिर्दीत खाणींवर पाळणाघर ठेवण्याची सक्ती आली आणि १९४६ चे पाळणाघर नियम झाले. वणी-राजूरचा कोळसा पट्टा आपल्याच जिल्ह्यात आहे. त्या खाणींवर घाम गाळणाऱ्या आपल्या माणसांना हा इतिहास कुणी सांगितला? त्यानंतर कामगार मंत्री झाले जगजीवन राम. त्यांच्या काळातल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून जास्त स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केलं. पुढे १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आली. पण कापूस जिनिंगमध्ये जाण्याआधी जिथे वेचला जातो, त्या वावरातल्या बाईला हा कायदा लागू नव्हता.

सगळ्यात महत्त्वाचा दिवस २३ नोव्हेंबर १९४८. घटना समितीत मसुद्याचं कलम ३६ चर्चेला होतं. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचं ते कलम. 'शिक्षण' या शब्दाच्या जागी 'प्राथमिक शिक्षण' घाला अशी दुरुस्ती आली. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांचा मुद्दा असा होता: चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत कामाला लावता येणार नाही असं मूलभूत हक्कांत आपण म्हटलं आहे. मग ते मूल कामावर नसेल तर कुठे असेल? ते शिक्षणसंस्थेत असलं पाहिजे. म्हणून शिक्षणाला 'प्राथमिक' या शब्दाने आखूड करून चालणार नाही.

हेच पुढे घटनेचं कलम ४५ झालं. त्यात वरची मर्यादा चौदा वर्षांची होती. खालची मर्यादा नव्हतीच. म्हणजे दोन वर्षांचं मूलही त्या वाक्यात बसत होतं, चारचंही बसत होतं. आणि मुदत दहा वर्षांची होती, म्हणजे १९६०.

रेघ ओढली गेली

१९६० आलं आणि गेलं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. कोसबाडच्या अंगणवाडीचं नाव सरकारी झालं. आपल्या राज्यात शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं धारणी हे तिच्या पहिल्या ठिकाणांपैकी एक. आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आईला आरोग्यशिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात होत्या. योजना चांगली होती, पण ती योजना होती. योजना सरकार देतं आणि सरकार काढूनही घेऊ शकतं. तिच्यावर हक्क सांगता येत नाही.

१९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाचा शिक्षणाचा हक्क मूलभूत आहे असं सांगितलं. आता सरकारवर कायद्याने जबाबदारी आली. मग काय झालं? २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली. तिने कलम २१-अ आणलं आणि मूलभूत हक्क दिला, पण सहा ते चौदा वयाच्या मुलांना. कलम ४५ चं जुनं वाक्य काढून तिथे लिहिलं गेलं की सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या संगोपन-शिक्षणासाठी राज्य प्रयत्न करील. एका हाताने हक्क दिला, दुसऱ्या हाताने सहा वर्षांखालची सगळी मुलं हक्काबाहेर काढली. सहाव्या वाढदिवसाआधी 'प्रयत्न', नंतर 'हक्क'.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही तेच. त्याचं कलम ११ सांगतं की तीन वर्षांवरच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण देण्यासाठी सरकार व्यवस्था करू शकेल. 'करील' नाही, 'करू शकेल'. तीन वर्षांखालच्या मुलाचा तर वेगळा उल्लेखही नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहाराचा कायदेशीर हक्क दिला. तो महत्त्वाचा आहेच. पण चित्र असं झालं की आपल्या लहान मुलाच्या पोटाला कायदा आहे, डोक्याला नाही. २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५९ व्या अहवालात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी स्वतंत्र मूलभूत हक्क घटनेत घालावा आणि कलम ११ बंधनकारक करावं अशी शिफारस केली. ती अजून अमलात आलेली नाही.

या रेघेचा फायदा कुणाला झाला? ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी मोकळी जागा विकत घेतली. प्ले-ग्रुप, नर्सरी, ज्युनिअर केजी, सिनिअर केजी. तिथलं मूल पहिलीत येतं तेव्हा तीन-चार वर्षं शिकून आलेलं असतं. आपलं मूल येतं तेव्हा त्याच्याकडे फक्त जन्मतारीख असते. मग बाई म्हणतात, "हा मागे आहे." पुढे दहावी-बारावीला तोच 'मागे' असलेला पोरगा आरक्षणावर येतो तेव्हा त्याला गुणवत्तेचे टोमणे ऐकावे लागतात. गुणवत्तेची शर्यत सहाव्या वर्षी सुरू होते असं दाखवलं जातं, पण काही जण त्याआधीच चार वर्षं धावलेले असतात.

यवतमाळात हे कसं दिसतं

आपला जिल्हा सोळा तालुक्यांचा. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजीकडे कोलामांचे पोड, पुसद, दिग्रस, महागावकडे बंजाऱ्यांचे तांडे, आणि जवळजवळ प्रत्येक गावाच्या एका कडेला आपली बौद्ध वस्ती. अंगणवाडी गावात असते हे खरं. पण गावात कुठे असते? पोड गावापासून दूर असेल तर अडीच वर्षांचं मूल तिथे कसं जाणार? घरात कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी ऐकणाऱ्या मुलाला अंगणवाडीत पहिल्या दिवसापासून फक्त मराठीच कानावर पडली तर त्याचं "मी करतो" कुठल्या भाषेत निघणार? तांड्यातलं कुटुंब ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेलं की त्या मुलाचं नाव इथल्या रजिस्टरवर आणि मूल तिथल्या कोपीत.

आणि वेळ. अंगणवाडी काही तास चालते, मजुरीचा दिवस संध्याकाळपर्यंत चालतो. तीन वर्षांखालच्या मुलाला तर अंगणवाडीत बसायचीच सोय नाही, त्याच्या वाट्याला घरी न्यायच्या आहाराचं पाकीट येतं. ज्या वयात "मी करतो" जन्माला येतं, नेमक्या त्याच वयाला व्यवस्थेने पाकिटावर भागवलं आहे.

तरी सगळा अंधार आहे असं म्हणणं खोटं ठरेल. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफ आणि राज्याच्या बालविकास यंत्रणेसोबत 'आरंभ' हा उपक्रम उभा केला, आणि तो ज्या जिल्ह्यांत आधी राबवला गेला त्यांत यवतमाळ होता. तीन वर्षांखालच्या मुलाशी बोलायचं कसं, खेळायचं कसं, घरातल्याच वाट्या-चमच्यांचं खेळणं कसं करायचं, हे अंगणवाडी सेविका गृहभेटीत आणि पालक मेळाव्यात आईबापांना दाखवतात. बापालाही बोलावतात, हे मला फार मोलाचं वाटतं. याचा अर्थ आपल्याच जिल्ह्यातल्या सेविकांनी हे काम करून दाखवलं आहे. कमी आहे ती हक्काची.

आणि या सेविका कोण? आपल्याच आयाबहिणी, वर्षानुवर्षं मानधनावर राबणाऱ्या. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तोही लढल्यानंतर. ज्या समाजात झाडणाऱ्याच्या आणि सांभाळणाऱ्याच्या कामाला किंमत नसते, तिथे मुलं सांभाळणारीला 'मानसेवी' म्हणतात. मान तर नाहीच, सेवा मात्र फुकटात. सेविका-मदतनिसांच्या मोर्चात निळा झेंडा दिसला पाहिजे, असं मी म्हणते ते यासाठी.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप: लहान मुलाची जागा आईजवळ, त्याला संस्थेत कशाला घालायचं? आईजवळ असतं तर प्रश्नच नव्हता. वेचणीला गेलेल्या आईचं मूल आईजवळ नसतं, ते धुऱ्यावर असतं. पाळणाघर मुलाला आईपासून तोडत नाही, ते थोरल्या बहिणीला शाळेत परत पाठवतं. आणि पोराला सांभाळणं हे फक्त आईचंच काम, हा विचार मनुस्मृतीचा वारसा आहे, आपला नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच नोकरदार वर्गाचा: आम्ही पोरांना चांगल्या इंग्रजी केजीत घालतो, गावानेही तेच करावं. पण तीन वर्षांच्या मुलाला बाकावर बसवून एबीसीडी घोकवणं, गृहपाठ देणं म्हणजे बालशिक्षण नव्हे. तिथेही "मी करतो" दडपलं जातं, फक्त फी घेऊन. आणि ज्याला फी परवडते त्याने आपलं मूल उचलून बाजूला गेलं की वस्तीतल्या अंगणवाडीसाठी भांडणारा माणूस कमी होतो. बाबासाहेबांना शिकलेल्या माणसांकडून मिळालेली निराशा आठवा.

आता काय करायचं

एक, आपल्या वस्तीची, पोडाची, तांड्याची सहा वर्षांखालच्या मुलांची यादी करा. १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आहे की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यायचंही न्यायालयाने सांगितलं आहे. ग्रामसभेत ठराव घ्या, पोच घ्या.

दोन, पाळणाघर मागा. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं आली तर एका बाईला मजुरी देऊन त्यांना सांभाळायला ठेवण्याची तरतूद केली होती. किती कामांवर ती प्रत्यक्षात दिसली? केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं. वेचणीच्या हंगामात अंगणवाडीची वेळ मजुरीच्या वेळेला जोडून द्या, ही मागणी पंचायत समितीपर्यंत न्या.

तीन, विहाराचं दार उघडा. बहुतेक विहारं आणि समाजमंदिरं दिवसभर कुलूपबंद असतात. वेचणीच्या तीन-चार महिन्यांत तिथे सतरंजी, चार वाट्या, बिया, मातीचे गोळे आणि दोन प्रशिक्षित ताई बसल्या तर वस्तीतल्या पोरी शाळेत जातील. पण विहारातली सोय सरकारच्या जबाबदारीऐवजी नको. ती सरकारला लाज आणण्यासाठी आणि मधल्या काळात लेकरं वाचवण्यासाठी.

चार, निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: जन्मापासून शिक्षणाचा मूलभूत हक्क घटनेत घालणार का? विधी आयोगाची शिफारस टेबलावर पडून आहे. आणि बाबासाहेबांनी 'प्राथमिक' हा एक शब्द नाकारून जेवढी मोठी जागा आपल्या मुलांसाठी राखली होती, तेवढी परत मिळवल्याशिवाय शिक्षणाचा हक्क पूर्ण झाला असं आपण म्हणू नये.

पुढच्या १४ एप्रिलला जयंतीच्या बैठकीत वर्गणी, मिरवणूक आणि वक्त्याचं नाव ठरेलच. त्याच बैठकीत कुणीतरी उठून विचारा: आपल्या वस्तीत तीन वर्षांखालची पोरं किती आहेत, आणि उद्या सकाळी त्यांच्या आया वावरात गेल्यावर ती कुणाजवळ असतील?

जय भीम!